जुवाचे दोन बैल

बाबा गेल्यानंतरच्या दुसऱ्या श्रावणात मी गावी गेले, तेव्हा गोठ्यामागच्या बंडीभोवती कमरेएवढा तरोटा वाढला होता. शेवटची बैलजोडी बाबा असतानाच विकली गेली होती. चाकांच्या लोखंडी धावा आणि आख भंगारवाल्यानं तोलून नेले होते. एक चाक कलंडलं होतं, दुसऱ्याचे आरे सुटून तुंब्याभोवती पडले होते. जू तेवढं शाबूत होतं. ते बाबांनी गोठ्याच्या फाट्याला दोरानं टांगून ठेवलं होतं.

विदर्भात बैलगाडीला आम्ही बंडी म्हणतो. माणसांच्या जाण्यायेण्याची हलकी गाडी ती रेंगी, वर छत असलेली ती दमणी, आणि कापूस, शेणखत, तुरीचं कुटार वाहते ती बंडी. आमचं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात. तिथे भाऊ शेती करतो. मी शिक्षिका होते, आता नागपुरात राहते. पोळा तीन आठवड्यांवर आला होता.

"भाऊ, ते जू मला दे," मी म्हटलं.

"कायले?"

"तान्ह्या पोळ्याचे दोन बैल करून घेते. एक तुझ्या नातवाला, एक माझ्या."

"लाकूडच होय थे, बाई. मी तं येत्या आठ दिवसात फोडनार होतो. पुरनाच्या सैपाकाले जळतन लागते. बैल पाह्यजे तं आर्वीच्या बाजारात भेटते, रंगवलेला, चाकं लावलेला. पोराले काय मालूम लाकूड कोनतं होय?"

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. श्रावण अमावास्येला बैलांचा पोळा होतो आणि दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा. मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून तोरणाखाली आणतात, मग घरोघरी फिरून बोजारा मागतात. कुणी पैसे देतं, कुणी खाऊ. नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांनी ही प्रथा सुरू केली असं मानतात. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर एवढा मोठा, की तिथले काही लाकडी नंदी ओढायला अनेक माणसं लागतात. पण बहुतेक घरांतला बैल वीतभर ते हातभर. तो वर्षभर माळ्यावर पडून असतो आणि एका दिवसासाठी खाली येतो.

"पोराला माहीत नसेल, तर आपण सांगू," मी म्हटलं.

"सांगासाठी लाकूड कायले लागते? तोंडानं सांग ना."

"तोंडानं सांगितलेलं राहत नाही, भाऊ. हातात वस्तू असली की मूल विचारतं, हा खड्डा कशाचा, हा डाग कशाचा. आपण नसलो तरी विचारतं."

"तवा सांगनारं कोन राहीन?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नीटसं नाही.

भाऊचं म्हणणं पहिल्या दिवशी मला कोरडं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यानं ते उलगडून सांगितलं. "बाबानं कोनतं लाकूड वाया घालवलं सांग. नांगराची दांडी मोडली, त्याचा खुटा केला. खुटा सडला, चुलीत घातला. राख वावरात टाकली. इथवर लाकडाचा जनम पुरा होते. तू मधातच त्याले अडवून राहिली. शोकेसमधी ठेवशीन, काच पुसत बसशीन. तो बैल ना खेळाचा, ना जळतनाचा."

हे खरं होतं. आमच्या घरात लाकूड एकाच रूपात कधी मेलं नाही. जेवायला बसायच्या एका पाटाला आजही बिजागरीची खाच आहे. तो आजीच्या खोलीचा दरवाजा होता. वखराच्या दांडीची खुंटी झाली, तिच्यावर बाबांचा सदरा लटकत असे. गावच्या लोककलेचा बराचसा कच्चा माल असाच आलेला आहे. जंगलातून निवडून आणलेलं लाकूड घराला आणि अवजाराला. खेळण्याला, देव्हाऱ्याच्या पायरीला, पोराच्या गाड्याला उरलंसुरलं. मोडक्या वस्तूतून खेळणं करणं ही शहरातून आलेली हौस नाही. चुलीच्या आधीची ती एक पायरीच होती, आणि भाऊच्याच हिशेबात ती बसते.

मी त्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "मग खेळू देशीन?"

"देईन."

"मोडू देशीन?"

मी थांबले. मोडू देण्याचं माझ्या मनात नव्हतं. नागपुरात दिवाणखान्याच्या भिंतीशी त्या बैलांची जागासुद्धा मी ठरवून आले होते.

भाऊ एकदा नातेवाइकांच्या लग्नाला पुण्याला गेला असताना राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहून आला होता, ते त्याला आठवलं. "तिथं अडकित्ते होते, दिवे होते, कोरलेले दरवाजे होते. पोरगं गेल्यावर बापानं हे जमवलं म्हने. पन त्यानं अडकित्त्याचा बैल नाही केला. होतं तसं ठेवलं. आठवन ठेवाची तं अशी ठेवते मानूस. तू तं मोडून राहिली."

मला वाटतं, आमच्या सगळ्या बोलण्यात हा त्याचा सर्वांत बळकट मुद्दा होता. दिनकर केळकरांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला. संग्रहाला त्यांनी त्याचं नाव दिलं आणि पुढे तो सगळा राज्य शासनाच्या स्वाधीन केला. सामान्य घरांतल्या रोजच्या वस्तू त्यांनी वेचून आणल्या आणि त्यांचं रूप बदललं नाही, हे अगदी खरं. ज्या जुवावर दोन जनावरांच्या मानेचे वळ आहेत, त्याला करवत लावणं म्हणजे पुरावा मिटवणंच की. तुमच्याकडे कोरलेलं जुनं दार असेल, जुनी दमणी धड उभी असेल, तर तिला हात लावू नका, असंच मीही सांगेन. पण आमच्या जुवासारखी जुवं या भागात हजारो होती आणि ती कुठल्याच संग्रहालयात जाणार नव्हती. ती चुलीत जात होती किंवा हॉटेलांच्या भिंतीवर शोभेला.

माझ्याजवळ दुसरा एक दाखला होता. नोकरीची सुरुवातीची चार वर्षं मी मेळघाटात काढली. कोरकू लोक मेलेल्या माणसाच्या नावानं लाकडाची फळी कोरून उभी करतात, तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर सूर्य, चंद्र, घोड्यावरचा स्वार कोरलेला असतो. या फळ्या उघड्यावर झाडाखाली उभ्या असतात. ऊन-पाऊस त्यांना खातो, कोरीव काम बोथट होत जातं, आणि त्याची कुणी खंत करत नाही. मेलेल्या माणसाची काठी किंवा खाट जपून ठेवण्यापेक्षा त्याच्यासाठी हातानं काही नवं घडवायचं आणि मग ते मातीच्या स्वाधीन करायचं, ही रीत मला तेव्हा परकी वाटली होती. आता तीच मला जवळची वाटत होती.

"थे त्याईची रीत," भाऊ म्हणाला. "आपली काय?"

"आपली तान्हा पोळा."

तो काही बोलला नाही. उठून गोठ्यात गेला आणि जू सोडून खाली घेतलं.

अंगणात उजेडात ठेवल्यावर मला ते प्रथमच नीट दिसलं. पुरुषभर लांबीचं, शिवणीच्या लाकडाचं. शिवण वजनाला हलकी पण टिकाऊ, म्हणून मानेवर देण्यासाठी ती निवडलेली. दोन्ही टोकांना शिवळांची, म्हणजे जुवातल्या खुंट्यांची, भोकं आणि त्यांच्या मधे एक-एक खोलगट खळगा, घामानं आणि घासण्यानं काळा, गुळगुळीत झालेला. डावीकडचा खळगा जास्त खोल होता.

"डावीकडं पाखऱ्या राहे," भाऊ म्हणाला. "उजवीकडं हिऱ्या. पाखऱ्या अंगावर घेऊन ओढे. हिऱ्या जरा चोर होता."

मी हात फिरवला आणि माझ्या मनात लहानपणची नेहमी आठवणारी रात्र आली. महाराष्ट्रात 1972 मध्ये कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्यानंतर कितीतरी वर्षं हंगामात खरेदी केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा लागत. मी सात-आठ वर्षांची असताना हट्ट करून बाबांबरोबर गेले होते. दोन रात्री आमची बंडी रांगेत होती. मी वर कापसात झोपले होते, मानेपर्यंत बुडून. डिसेंबरची थंडी, पण कापसाच्या आत ऊब होती. खाली बंडीला कंदील टांगलेला. बैल मान हलवायचे, की घुंगरमाळ वाजायची. बाबा मधूनच वर येऊन माझ्या अंगावर घोंगडी ओढायचे. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यांत सुरक्षित रात्री त्या. मला त्या बैलांमध्ये तीच ऊब साठवायची होती.

मी हे मोठ्यानं बोलले. भाऊ बराच वेळ जुवाकडे पाहत होता.

"तू वरतं झोपली होती, बाई," तो म्हणाला. "मी खालतं होतो. चवदा वर्षाचा. पाखऱ्याची खांद आली होती. सुजून टरारली होती. बाबा रात्रभर हळद गरम करून लावे आन पहाटे रांग सरकली का त्याच खांदेवर जू ठेवे. दुसरा इलाजच नोता. बैल कन्हे नाही, पन त्याच्या डोळ्यातून पानी येत जाय. बाबा त्याच्याकडं पाहे नाही. मी पाहे. मले हे जू पाहिलं का थेच दिसते. म्हनून म्हनलं, जाळून टाक."

पन्नास वर्षांत हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. एकाच रात्रीच्या, एकाच बंडीवरच्या दोन आठवणी होत्या, आणि मी एकीसाठीच खेळणं करवून घ्यायला निघाले होते.

"मग राहू दे," मी म्हटलं. "नको करायला."

"तसं नाही म्हनत मी." त्यानं जू उचलून खांद्यावर घेतलं. "चाल वाढयाकडं. पन एक सांगतो. बैल कर, त्याच्या मानेवर जू ठेवू नको. बंडी जोडू नको. मोकळे कर."

आमच्याकडे सुताराला वाढई म्हणतात. गावातल्या वाढईकाकांचे हात आता थरथरतात, पण वाकस धरला की थरथर थांबते. पोळ्याच्या आधीचे हे दिवस त्यांच्या घाईचे असतात. त्यांनी जू ठोकून आवाज ऐकला, नखानं खरवडलं. बाहेरच्या पांढऱ्या भागात टाचणीएवढी भोकं होती, त्यातून पिवळा भुसा गळला. "वरचं खाल्लं किड्यानं, आतलं साबूत हाये," ते म्हणाले आणि वाकसानं वरचा भाग तासून काढला. मग मोडक्या स्पीकरमधलं चुंबक लाकडावरून फिरवलं. जुन्या लाकडात मोडलेले खिळे दडलेले असतात, ते एका घावात धार घालवतात. तीन निघाले.

आधी घरी आम्ही दोघं बोलत होतो. आता तिसरं माणूस आलं आणि बोलणं कामाचं झालं. मी म्हटलं, आऱ्यांच्या चकत्या कापून चाकं करा. काकांनी मान हलवली. गोल दांडा आडवा कापला, की चकती वर्षभरात मधातून चिरते. चाकं फळीतूनच काढायची. म्हणून बंडीच्या साट्याची एक सागवानी फळी आणली. बाभळीच्या आऱ्यांचे पाय झाले. बाभूळ कोरायला कठीण, पण रेषा सरळ, भार सोसते. शिवळांची शिंगं झाली. खिळे वापरायचे नाहीत, बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. जुन्या लाकडाचा एक मोठा गुण काकांनी दाखवला. ते इतकं वाळलेलं असतं, की सांधा एकदा बसला की पुढे ढिला होत नाही.

शिंगांवरून भाऊ अडला. काकांनी ती लांब, वळणदार काढली होती, बाजारातल्या बैलांसारखी. "हे खिल्लारीचे झाले, काका. आपले गवळाऊ होते. गवळाऊचं शिंग आखूड राह्यते, बोथट, जरासं मांगं वळलेलं. तोंड लांब." आर्वीकडची ही बैलांची जात, पांढरी, चपळ, नरांच्या मानेवर राखाडी झाक. काकांनी शिंगं कापून आखूड केली. मग भाऊ तिथेच बसला. तीन दुपारी बसला. डोळा कुठे, कान किती झुकलेला, शेपटीचा गोंडा कसा, सगळं सांगत राहिला. जे जू जाळायला निघाला होता, त्याच्या तुकड्यातून पाखऱ्याचं तोंड निघेपर्यंत त्याचं समाधान होत नव्हतं.

खळग्यांची युक्ती काकांची. त्यांनी जुवाचे दोन तुकडे असे पाडले, की प्रत्येकाचा खळगा बैलाच्या वशिंडापुढे, मानेवर येईल. खऱ्या बैलाच्या अंगावर जू जिथे बसतं, तिथेच. त्या जागेला त्यांनी वाकस लावला नाही. बाकी सगळा बैल नवा कोरलेला, आणि मानेचा तेवढा घास जुना, काळा, गुळगुळीत. डावीकडच्या तुकड्यातून झाला पाखऱ्या, म्हणून त्याची मान जास्त खोल आहे.

रंगावरून मात्र मी हरले. मला लाकडाचा रंग तसाच ठेवून जवसाचं तेल चोळायचं होतं. भाऊ आणि काका दोघांनाही ते पटेना. "बिनरंगाचा बैल पोळ्यात नेते का कोनी? उघडा दिसते." मी वाद घातला, पण आता वाटतं, चूक माझी होती. न रंगवलेल्या लाकडाचं कौतुक दुकानात वस्तू पाहणाऱ्याचं आहे. पोळ्याला ज्यानं बैल धुतला, ज्यानं शिंगांना बेगड लावली, त्याला बैल सजलेलाच हवा. पांढरा रंग दिला, मानेवर राखाडी झाक, शिंगं लाल. पावसाळी हवेत रंग वाळेना, म्हणून बैल तीन दिवस चुलीजवळच्या फळीवर ठेवले. खळग्याला रंग लावू नका, एवढं भाऊनं बजावून सांगितलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकतात. वर्षभर ज्या मानेवर ओझं ठेवलं, तिला लोणी-हळद चोळायची आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण द्यायचं. गोठ्यात बैल नसल्यापासून आमच्या घरी ते बंद होतं. त्या संध्याकाळी वहिनीनं वाटीत लोणी-हळद कालवून ओसरीवर ठेवली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. भाऊनं बोट बुडवलं, पाखऱ्याच्या मानेतल्या खळग्यात हळद चोळली, मग हिऱ्याच्या. दोन्ही नातू बघत होते. धाकट्यानं विचारलं, "याला दुखलं होतं का?"

"हो, दुखलं होतं," भाऊ म्हणाला, आणि रांगेतल्या रात्रीची गोष्ट त्यानं पोरांना सांगितली. खांदेचीही सांगितली. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "आन हे आजी वरतं कापसात झोपली होती." पोरं हसली. त्यांना दोन्ही गोष्टी एकाच बैलाच्या वाटल्या.

जुवाचा उरलेला मधला भाग आणि अंगणभर पडलेल्या चिलप्या दुसऱ्या दिवशी पुरणाच्या चुलीत गेल्या. भाऊनं स्वतः घातल्या. मी अडवलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. काळी आणि पिवळी, 1880 च्या दशकापासून. गावाची पीडा तिच्या डोक्यावर घालून तिला शहराबाहेर नेऊन जाळतात. मी दोन्ही पाहत आले, पण एकाच दिवशी एक पुतळा जाळायचा आणि एक लाकडी बैल ओवाळून घरी आणायचा, ही गोष्ट मला त्या वर्षी पहिल्यांदा जाणवली. दोन्ही मोडून-जोडून केलेलीच कामं. काय जाळायचं आणि काय ठेवायचं, हे आमच्या माणसांनी कधीच एका नियमानं ठरवलं नव्हतं.

तोरणाखाली आमचे दोन बैल बाजारच्या बैलांच्या शेजारी उभे राहिले. त्यांची शिंगं सगळ्यांत आखूड होती. पोरांना एकशे चाळीस रुपये बोजारा मिळाला. परतताना नाल्याच्या उतारावर धाकट्याच्या हातून दोर सुटला, हिऱ्या दगडावर आदळला आणि त्याचा मागचा डावा पाय निखळला. धाकटा रडायला लागला. मलाही वाईट वाटलं, पण खेळू देण्याचा शब्द मी दिला होता.

हिऱ्या नागपूरला आला नाही. पाय बसवायला तो वाढईकाकांकडे ठेवला आहे, आणि बरा झाला तरी गावातच राहणार आहे. दिवाणखान्यातली जागा मी रिकामी ठेवलेली नाही. दसऱ्याला गेले तेव्हा गोठ्याच्या फाट्यावर, जिथे जू टांगलेलं असे, तिथे सुतळीनं बांधलेले बाभळीचे सहा आरे दिसले. पुढेमागे कुणाचा पाय मोडला तर लागतील, म्हणून भाऊनं ठेवले आहेत.